पाय वाचला, म्हणून विम्याचे पैसे मिळाले नाहीत



एरवी मी मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू, पाठदुखी अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय गाडीच्या विम्याचा आहे. डॉक्टरचा याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. गेल्या पावसाळ्यात एक पेशंट प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसीचे कागद घेऊन माझ्याकडे आला आणि माझं मत बदललं.

वय अडतीस. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरात बायको, दोन मुलं, आई. रात्रपाळी संपवून स्वतःच्या गाडीने घरी येताना कशेळीजवळ पावसात गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. दुसरी कुठलीही गाडी त्यात नव्हती. गुडघ्याखालचं हाड, म्हणजे टिबिया, सांध्यापाशीच फुटलं. ठाण्यात ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले, पाय उत्तम वाचला. नंतरचं ड्रेसिंग आणि औषधपाणी माझ्याकडे होतं.

सहाव्या आठवड्यात तो कुबड्या घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, पॉलिसीवर पंधरा लाख लिहिलंय. फॉर्म इंग्रजीत आहे, जरा भरून द्या."

मी फॉर्म वाचला. अपघाती मृत्यू झाला का? हात किंवा पाय गेला का? डोळ्याची दृष्टी गेली का? कायमचं पूर्ण अपंगत्व आलं का? सगळ्याचं उत्तर "नाही" होतं. डॉक्टर म्हणून मला त्या चारही "नाही"चा आनंद व्हायला हवा होता. त्याच्यासाठी मात्र त्यांचा अर्थ एकच होता: मिळणारी रक्कम शून्य.

त्या रात्री मी माझ्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी काढून पाहिली. तीच ओळ, तीच रक्कम, तीच अट. इतकी वर्षं मीही ती न वाचताच हप्ता भरत होतो.

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. गाडीच्या विम्यात स्वतःच्या शरीरासाठी किती रक्कम घ्यायची, हे आपण एजंटने भरलेल्या आकड्यावर सोडतो. ते आपल्या पगारावर आणि हाडं जुळायला लागणाऱ्या महिन्यांवर ठरवायला हवं.

हे १५ लाख नेमके कशाचे?

गाडीच्या विम्याचे साधारण तीन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हा सक्तीचा आहे. दुसरा भाग तुमच्या गाडीच्या नुकसानीचा. तिसरा भाग तुमच्या जिवाचा. त्याला पॉलिसीत "मालक-चालक व्यक्तिगत अपघात विमा" म्हणतात. एजंट त्याला पीए कव्हर म्हणतो.

२०१८ पर्यंत या तिसऱ्या भागात दुचाकीला फक्त १ लाख आणि चारचाकीला २ लाख रुपये होते. मद्रास उच्च न्यायालयाने ही रक्कम अपुरी असल्याचं म्हटल्यावर विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१८ मध्ये ती १५ लाख केली. सुरुवातीला वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरला. जानेवारी २०१९ पासून हे कव्हर वेगळं घेण्याची मुभा मिळाली आणि हप्ता कंपन्या ठरवू लागल्या. तुमच्या नावावर दोन-तीन गाड्या असतील तर प्रत्येकीवर वेगळं कव्हर घ्यावं लागत नाही, एक पुरतं.

आता हे पैसे कधी मिळतात ते पाहा.

- अपघाती मृत्यू: पूर्ण रक्कम.
- दोन हात-पाय, किंवा दोन्ही डोळे, किंवा एक हात-पाय आणि एक डोळा गमावणं: पूर्ण रक्कम.
- एक हात किंवा पाय, अथवा एका डोळ्याची दृष्टी गमावणं: निम्मी रक्कम.
- इतर इजांमुळे कायमचं पूर्ण अपंगत्व, उदाहरणार्थ मणका तुटून आलेला लकवा: पूर्ण रक्कम.

यादी इथे संपते. फ्रॅक्चर नाही, ऑपरेशन नाही, हॉस्पिटलचं बिल नाही, बुडालेला पगार नाही. यंत्रात सापडून कामगाराचा अंगठा गेला तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तक्त्यात त्याला ३० टक्के कमाईक्षमतेचं नुकसान मानलं आहे. गाडीच्या अपघातात तोच अंगठा गेला तर वरच्या यादीत त्याला जागाच नाही.

अपघातात बहुतेकांचं काय होतं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे एका मृत्यूमागे अडीचहून जास्त जखमी, तेही पोलिसांत नोंद झालेले. किरकोळ म्हणून नोंदच न झालेले, नंतर सहा महिने लंगडणारे, वेगळेच.

आपल्या पॉलिसीतलं कव्हर मुख्यतः पहिल्या आकड्यातल्यांसाठी आहे. माझ्या ओपीडीत येतात ते दुसऱ्या आकड्यातले.

गाडी समोर आदळली की चालकाचा गुडघा डॅशबोर्डवर बसतो. वाटी फुटते, मांडीचं हाड मोडतं, कधी खुब्याचा सांधा मागे निखळतो. ब्रेकवर दाबलेल्या पायाचा घोटा मोडतो. स्टिअरिंगमुळे छातीच्या फासळ्या मोडतात. मांडीचं किंवा नडगीचं मोठं हाड भक्कम जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. फ्रॅक्चर सांध्यात गेलं असेल तर पहिले दोन-तीन महिने त्या पायावर भारच द्यायचा नसतो. पुढे फिजिओथेरपी. जखम उघडी असेल, जंतुसंसर्ग झाला किंवा हाड जुळलं नाही, तर दुसरं ऑपरेशन आणि आणखी काही महिने. डोक्याला मार लागला असेल तर बाहेरून माणूस बरा दिसतो, पण विसराळूपणा, चिडचिड आणि डोकेदुखी काही महिने राहू शकते. अशा माणसाला हिशेबाचं काम जमत नाही, रात्रपाळी झेपत नाही.

आपल्या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा, माणकोली इथे गोडाऊनवर उभं राहून काम करायचं असतं. लूमवर उभं राहायचं असतं. टेम्पो चालवायचा तर क्लच दाबायला पाय लागतो. सहा महिने घरी बसलेल्याला पगार देणारे मालक फार थोडे.

हॉस्पिटलचं बिल एक, घरचा खर्च दुसरा

उपचारांसाठी आता काही आधार आहेत. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू केली. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, नियुक्त रुग्णालयात, दीड लाख रुपयांपर्यंत. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमची स्वतःची मेडिक्लेम असेल तर तीही आहे.

हे सगळं हॉस्पिटलपुरतं. घरभाडं, शाळेची फी, किराणा, गाडीचाच ईएमआय यांतला एक रुपयाही यातून येत नाही. माझ्या पेशंटच्या ऑपरेशनचा खर्च बराचसा निघाला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या बायकोची चेन गहाण पडली. फिजिओथेरपीला ठाण्याला जायला रिक्षाचे पैसे जातात म्हणून त्याने ती अर्धवट सोडली आणि गुडघा पूर्ण वाकायचा राहिला. डॉक्टर म्हणून मला बोचतं ते हे. पैसे संपले की उपचार थांबतात, आणि बरा होऊ शकणारा सांधा कायमचा आखडतो.

"समोरच्या गाडीकडून भरपाई मिळते ना?" असं बरेच विचारतात. मिळते, चूक समोरच्याची असेल तर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन, आणि तिथे वर्षं लागू शकतात. चूक तुमची असेल, गाडी स्वतःच घसरली असेल, तर तुम्ही स्वतःच्या पॉलिसीत "थर्ड पार्टी" होत नाही. स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने मृत्यू झाला तर कुटुंबाला त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येही कायम ठेवली.

या कव्हरमधून कोण बाहेर राहतं?

नाव नीट वाचा: मालक-चालक. म्हणजे आरसी बुकवर ज्याचं नाव, पॉलिसीत ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे त्या वेळी चालू लायसन्स आहे, तोच. आपल्या घरांत गाडी वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. त्या मुलाचा या १५ लाखांवर भरवसा धरू नका. सेकंडहँड गाडी घेऊन आरसी नावावर केली नसेल तर तीच अडचण. गाडी फर्मच्या नावावर असेल तर फर्म काही चालक होऊ शकत नाही, त्यामुळे हे कव्हर लागतच नाही. लायसन्सची मुदत संपलेली असेल किंवा दारू प्यायलेली असेल, तरी नाही.

शेजारी बसलेली बायको आणि मागे बसलेली मुलं? त्यांना हे कव्हर नाही. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर खासगी गाडीतल्या प्रवाशांसाठी त्यातून दाद मिळणं कठीण. दुचाकीवर मागे बसणाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसाच निकाल दिला. पॅकेज, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर गाडीतले प्रवासी संरक्षणात येतात, हे २०१२ च्या निकालात स्पष्ट झालं. पण तिथेही मार्ग न्यायाधिकरणाचाच. प्रवाशांसाठी वेगळं अपघात कव्हर ऐच्छिक असतं, बहुतेक पॉलिसींत माणशी २ लाखांपर्यंत, आणि तेही मृत्यू व कायमच्या अपंगत्वापुरतं. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचंही वेगळं घ्यावं लागतं.

मग किती रकमेचं कव्हर घ्यायचं?

मी विमा विकत नाही, मला कुणाचं कमिशन नाही. मला पटलेला हिशेब मांडतो. तुमचे आकडे घालून बघा.

पहिला हिशेब, तुम्ही गेलात तर. यासाठी न्यायालयांचीच पद्धत वापरू. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील तर वजावट एक चतुर्थांश. वय ३६ ते ४० साठी गुणक १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३.

माझा पेशंट महिन्याला २५ हजार कमावतो, म्हणजे वर्षाला ३ लाख. एक चतुर्थांश वजा जाता २ लाख २५ हजार. गुणिले १५. उत्तर ३३ लाख ७५ हजार. भविष्यातली पगारवाढ यात धरलेली नाही. म्हणजे १५ लाख हे त्याच्या कुटुंबाच्या गरजेच्या निम्मेही नाहीत.

दुसरा हिशेब, तुम्ही जखमी झालात तर. महिन्याला २५ हजार म्हणजे आठवड्याला साधारण ५,८०० रुपये. सहा महिन्यांचे दीड लाख. हे पैसे देणाऱ्या कव्हरला "तात्पुरतं पूर्ण अपंगत्व" म्हणतात, एजंटच्या भाषेत टीटीडी. गाडीच्या १५ लाखांत ते नाही. वेगळ्या व्यक्तिगत अपघात पॉलिसीत ते मागून घ्यावं लागतं. आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून "सरल सुरक्षा बिमा" नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सुरू केली आहे. रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. तिच्या मूळ कव्हरमध्ये मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व तर आहेच, शिवाय कायमचं अंशतः अपंगत्वही आहे. जास्तीचा हप्ता भरून टीटीडी घेता येतं: दर आठवड्याला मूळ रकमेच्या ०.२ टक्के, जास्तीत जास्त १०० आठवडे.

आता गुणाकार करा. १५ लाखांवर आठवड्याला ३ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १३ हजार. ३५ लाखांवर आठवड्याला ७ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ३० हजार. पगारही निघतो आणि फिजिओथेरपीच्या रिक्षाचं भाडंही. दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच आकड्यावर आले: वार्षिक उत्पन्नाच्या दहा-बारा पट. माझ्या मते कमावत्या माणसाने तिथून सुरुवात करावी. कंपनी तुमच्या उत्पन्नाचा पुरावा पाहूनच रक्कम मंजूर करते, तो तयार ठेवा.

दुसरा फायदा असा की ही पॉलिसी गाडीला बांधलेली नसते. वडिलांची गाडी, मित्राची बाइक, रिक्षा, लोकल, गोडाऊनचा जिना, सगळीकडे ती तुमच्याबरोबर असते. आणि तुमच्याकडे किमान १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात कव्हर असेल, तर गाडीच्या पॉलिसीत तेच पुन्हा घ्यायची सक्ती नाही. तसं लेखी सांगून ते वगळता येतं. फक्त ती वेगळी पॉलिसी मधेच बंद पडू देऊ नका.

"डॉक्टर, एवढं परवडत नाही"

हे मला रोज ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. मग क्रम लावा.

१. सीट बेल्ट, मागच्या सीटवरसुद्धा. याला पैसे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पुढे बसणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बेल्टमुळे निम्म्यापर्यंत कमी होतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

२. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून आपोआप. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. घरातल्या प्रत्येक प्रौढाचं काढा, गृहिणींचंही.

३. गाडीतलं १५ लाखांचं कव्हर. त्यात उणिवा आहेत म्हणून ते टाळू नका. मणका तुटलेल्या माणसाच्या घरात १५ लाख फार मोठे असतात.

४. त्यानंतर टीटीडी असलेली वेगळी पॉलिसी, सुरुवातीला छोट्या रकमेची का होईना.

आणि एक विचारतो. आपण झिरो डेप घेतो, पावसाच्या पाण्यासाठी इंजिनाचं कव्हर घेतो. बंपर नवा मिळावा म्हणून जास्तीचा हप्ता भरताना आपल्याला परवडतं. मग त्या बंपरमागे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासाठीच का परवडत नाही?

कागदांबद्दल थोडं

टीटीडीचा दावा डॉक्टरच्या कागदावर उभा राहतो. म्हणून अपघात झाला की त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा, बोनसेटरकडे नको. मेडिकोलीगल नोंद करायला सांगा. अपघात कसा झाला ते खरं सांगा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि प्रत्येक फेरतपासणीचा कागद जपा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कामावर जाता येणार नाही, हे प्रत्येक वेळी लिहून घ्या. मागाहून "डॉक्टर, दोन महिने वाढवून लिहा" असं सांगू नका. ते मी लिहिणार नाही, आणि कंपनीही मानणार नाही.

माझा पेशंट आता कामावर आहे, थोडा लंगडत. जिना उतरताना कठडा धरतो. बायकोची चेन अजून सुटलेली नाही. परवा त्याने नवी पॉलिसी आणून दाखवली. या वेळी फॉर्म त्याने आधी वाचून घेतला होता.

तुम्हीही आज रात्री जेवण झाल्यावर गाडीची पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी बघा. मालक-चालक म्हणून कुणाचं नाव आहे? रक्कम किती आहे? आणि फक्त पाय मोडला तर काय मिळेल? तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल, तर पुढच्या हप्त्याआधी एजंटला फोन करा.

गाडी सावकाश चालवा, बेल्ट लावा. काळजी घ्या.